नागपुरात जुन्या गाडीसाठी भरवशाचा मिस्त्री कुठे आणि कसा शोधायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. सासऱ्यांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी तुमच्याकडे आली आहे. सहा वर्षं ती मनीषनगरच्या पार्किंगमध्ये उभी होती. पुण्याहून परत आल्यावर तुम्ही ती चालू करून घेतली. सकाळी ती छान चालते, दुपारी अर्ध्या तासाने बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. पहिल्या गॅरेजने कार्बोरेटर बदलला, फरक पडला नाही. दुसऱ्याने सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, रिंग-पिस्टन टाकावे लागतील. आता तुम्ही विचारताय, नागपुरात जुन्या गाडीचं काम इमानदारीने करणारा माणूस कोण?

तुम्हाला नाव हवंय हे समजतं. पण मी नाव दिलं तरी तुम्ही त्या माणसाकडे ‘इंजिन करायचंय’ असं सांगत जाल. तो इंजिन करूनही देईल, चांगलं करेल, आणि गाडी दुपारी तरीही बंद पडेल. तुमची अडचण सध्या इमानदारीपेक्षा निदानाची जास्त आहे. दोन गॅरेज झाली, पण गाडी बंद का पडते हे अजून कोणी तपासलेलंच नाही.

मी कामठी रोडवर पोऱ्या म्हणून लागलो ते पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात. पुढे स्वतःचं गॅरेज चालवलं. आता ते मुलगा पाहतो आणि मी निवडक जुन्या गाड्यांचं काम घेतो. त्यामुळे हे गॅरेजच्या आतल्या बाजूने लिहितोय.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. गाडी रविवारी सकाळी रामटेकला नेऊन आणायची असेल तर एक हिशोब, रोज ऑफिसला न्यायची असेल तर वेगळा, आणि सगळं मूळ कंपनीसारखं करून प्रदर्शनात उभी करायची असेल तर पूर्णच वेगळा. मी पहिली गोष्ट धरून चाललोय. मे महिन्यात ४५ अंशांत वर्धा रोडच्या गर्दीत या गाडीकडून रोजची चाकरी करून घ्यावी, हे मला पटत नाही.

आता ‘इंजिन खोलाच लागते भाऊ’ या वाक्याबद्दल. हे वाक्य बोलणारा प्रत्येक जण फसवणारा नसतो. जुनी गाडी हातात घेतली की मिस्त्रीला भीती असते की आज एक दुरुस्त केलं आणि उद्या दुसरं बिघडलं तर मालक म्हणणार, तुमच्याकडून आल्यापासूनच बिघडली. सगळं खोलून सगळं नवं टाकलं की त्याची ती भीती जाते. काहींना त्यातून पैसेही जास्त मिळतात, हेही खरंच. पण कारण कोणतंही असो, मोजमाप न करता इंजिन खोलायला सांगणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका.

मोजमाप म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, सिलिंडरमधला दाब मोजणं. ती कशी करायची ते शेवटी सांगतो, आधी लक्षणं पाहा. रिंग-पिस्टन गेलेल्या इंजिनाची लक्षणं सकाळीही दिसतात. निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवेच्या नळीतून) वाफारा येतो, चढावर दम लागतो. तुमची गाडी सकाळी छान चालते आणि गरम झाली की थांबते. असं लक्षण बहुतेक वेळा करंट किंवा पेट्रोलकडे बोट दाखवतं. कंडेन्सर किंवा कॉइल (दोन्ही ठिणगीच्या करंटचे भाग) गरम झाल्यावर करंट देणं बंद करते, थंड झाली की पुन्हा देते. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर इतके बेभरवशाचे आहेत की नवा टाकलाय म्हणून तो चांगलाच असेल असं मी धरत नाही. पेट्रोलच्या बाजूला तीन-चार शक्यता आहेत. इंजिनाला लागून असलेल्या पंपात आणि पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते, ज्याला आपले मिस्त्री ‘एअर पकडली’ म्हणतात. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, थकलेला असतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. किंवा सहा वर्षांत टाकीत जमलेला गंज हळूहळू येऊन पाइपच्या तोंडाशी बसतो. आणखी एक शक्यता लोक विसरतात. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट बसवलेले असतील तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन जातं.

हे वेगळं करणं अवघड नाही, फक्त गाडी बंद पडलेली असतानाच तपासावं लागतं. म्हणून चांगल्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो: ‘बंद पडते ती एकदम, की झटके देत देत?’ दिव्याचं बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडली तर तो आधी करंट पाहील. अडखळत, झटके घेत गेली तर पेट्रोल. बंद पडल्या पडल्या प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी पाहायची, निळी आणि कडक आहे की पिवळी आणि मरतुकडी. टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकण. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर थोड्या वेळात सुरू झाली तर वाफ. गरम इंजिनाजवळ पेट्रोलचा पाइप सोडण्याचं काम मात्र तुम्ही एकट्याने करू नका, ते मिस्त्रीलाच करू द्या.

हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की तुमचा अर्धा शोध संपला. तो कुठे भेटतो ते सांगतो, पण त्याआधी चांगला मिस्त्री जुनी गाडी का टाळतो हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. नाहीतर तो भेटूनही ‘सध्या जमणार नाही’ म्हणेल.

नव्या गाडीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड हे सकाळी घेतलं तर दुपारी गाडी बाहेर. पार्ट शहरात मिळतो, बिल ठरलेलं, जागा मोकळी. पद्मिनीच्या ब्रेकचं ड्रम उघडलं की व्हील सिलिंडर (चाकाजवळ ब्रेक दाबणारा भाग) गंजलेला निघतो, तो शहरात मिळत नाही, मुंबईहून बसच्या पार्सलने येईपर्यंत गाडी चाकं काढून तिथेच उभी. एक नट तुटला की तो काढण्यात दुपार जाते. आणि शेवटी मालक म्हणतो, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? चांगला मिस्त्री हे एक-दोनदा सोसतो, मग जुन्या गाडीला नाही म्हणायला शिकतो. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा: पार्टचे पैसे बिलाप्रमाणे, मजुरी वेळेप्रमाणे, पार्टसाठी आगाऊ रक्कम लगेच, आणि पार्ट यायला वेळ लागणार असेल तर गाडी घरी नेऊन ठेवीन. मजुरीत घासाघीस करू नका. पार्टच्या किमतीची चौकशी बिनधास्त करा, त्यात कोणालाच राग येत नाही. मजुरी तोडली तर मिस्त्री ती पार्टमध्ये भरून काढतो, आणि मग तुमच्या गाडीत स्वस्तातला पार्ट जातो. मी हे वर्षानुवर्षं होताना पाहिलंय.

आता कुठे विचारायचं. गॅरेजच्या पाट्या पाहत फिरू नका. जुने स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर जा. ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठी रोडने चालत गेलात तरी विचारपूस सुरू करता येईल. तिथे विचारा, कार्बोरेटरचं किट, किंगपिनचे बुश, पॉइंट अजून कोण घेऊन जातं? काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असतं की कोण चांगल्या कंपनीचा पार्ट मागतो, कोण ‘सगळ्यात स्वस्त दे’ म्हणतो आणि कोण न बसलेला पार्ट इमानदारीने परत आणतो. दुसरी जागा म्हणजे बोअरिंग आणि लेथची दुकानं. हेड, क्रँक, ब्रेक ड्रम त्यांच्याकडे येतात. कोणाचं माप बरोबर येतं आणि कोण अंदाजाने पाठवतो हे लेथवाल्याइतकं कोणालाच कळत नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा हिंगण्याला आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, कामठीला छावणी आहे. तिथून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, वाहनांच्या वर्कशॉपमधली माणसं या शहरात भरपूर आहेत. मोजून काम करायची, नोंद ठेवायची सवय त्यांच्या हाताला लागलेली असते. त्यातले काही घरच्या अंगणात एखादी जुनी जीप घेऊन बसलेले असतात. पूर्ण इंजिनाचं काम ते कदाचित घेणार नाहीत, पण तुमच्यासोबत गाडीत बसून निदान करून देतील आणि काम कोणाकडे द्यायचं तेही सांगतील. काटोल, सावनेर, उमरेडकडे ज्यांच्या शेतावर जुन्या जीप किंवा अँबेसिडर अजून चालतात, त्यांनाही विचारा. ती गाडी कोण चालू ठेवतं?

वयाचाही विचार करावा लागतो. २००० सालानंतर कामाला लागलेल्या पोरांचा हात इंजेक्शनच्या गाड्यांवर बसलेला आहे. ते हुशार आहेत, पण पॉइंटची गॅप (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांमधली फट) आणि कार्बोरेटरचा आवाज हा त्यांचा विषय नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात उत्तम जोडी म्हणजे जुना उस्ताद आणि त्याच्या हाताखाली शिकणारा तरुण मुलगा. एकट्या म्हाताऱ्या उस्तादाला गाडीखाली शिरणं जड जातं, आणि तो थांबला की तुम्ही पुन्हा शून्यावर.

माणूस सापडला तरी पहिलं काम इंजिनाचं देऊ नका. ब्रेकचं द्या. सहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकची भीती इंजिनापेक्षा मोठी आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरी होज आतल्या आत फुगतात आणि पाय काढल्यावरही चाक पकडून ठेवतात. दुसरं कारण असं की ब्रेकचं काम मर्यादित आहे, दोन-तीन दिवसांचं आहे, आणि माणूस कसं काम करतो ते त्यात उघड दिसतं.

काय पाहायचं? चारही ड्रम उघडले की फक्त पुढचे. होज वाकवून, दाबून पाहिल्या की वरूनच ‘ठीक आहे’ म्हटलं. नवं ब्रेक ऑइल तुमच्यासमोर सीलबंद डब्यातून टाकलं की शेल्फवरच्या अर्ध्या बाटलीतून. सुटे भाग ट्रेमध्ये क्रमाने ठेवले की जमिनीवर पसरले. जुने पार्ट न मागता तुमच्या हातात दिले का. आणि काम झाल्यावर स्वतः गाडी चालवून, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून पाहिले का. दिलेली तारीख चुकणार असेल तर त्याने आपणहून फोन केला का, हेही पाहा. तारीख चुकणं जुन्या गाडीत होतंच. न सांगता चुकली तर मात्र पुढचं मोठं काम त्याला देऊ नका.

तुम्ही स्वतः तिथे थांबा, निदान सकाळचा वेळ. पण सल्ले देऊ नका आणि मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवू नका. ‘हे काय आहे’ असं विचारलेलं कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला आवडतं. ‘असं का करत नाही’ हे कामाच्या मध्यात आवडत नाही.

गाडी ‘जमेल तशी करा’ म्हणून सोडून जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. गॅरेजच्या मागच्या आवारात असं सांगून सोडलेल्या किती गाड्या पावसाळ्यात सडताना पाहिल्या आहेत. एक काम, एक तारीख, एक कागद. ते संपलं की गाडी घरी, मग पुढचं काम.

एकच माणूस सगळं करेल ही अपेक्षाही सोडा. इंजिन-ब्रेकवाला वेगळा, सेल्फ-डायनामोवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, डेंटर-पेंटर तर पूर्णच वेगळ्या जगातला. मुख्य मिस्त्री चांगला असेल तर बाकीचे तोच सुचवतो. रेडिएटरवाल्याकडे मात्र उन्हाळ्याआधी जाच. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं, त्याचा क्षार आतल्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात सुई वर चढते. साफ करून घ्या आणि त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच टाका. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. गरम होण्याचं कारण तसंच राहतं आणि हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी गाडी बंद असतानाचं निदान, मग छोट्या कामावर माणसाची पारख, आणि त्यानंतरच मोठं काम.

अँबेसिडरवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक खूण. पद्मिनी मुळात फियाट, तिला एमएमचे पाने लागतात. अँबेसिडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्या जुन्या इंजिनाचे नट इंची. मिस्त्रीच्या पेटीत इंची पाने नसतील आणि तो एमएमचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावत असेल, तर त्याने नटांचे कोपरे झिजायला लागतील. पाना पेटीत आहे की नाही, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

पार्टबद्दल घाई करा, हे मनापासून सांगतो. पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. म्हणजे रोज पार्ट खपवणारं गिऱ्हाईक गेलं. दुकानदार जुना माल किती दिवस ठेवेल? म्हणून ब्रेकची रबरं वगळता न खराब होणारे पार्ट, म्हणजे किंगपिन सेट, पंप, डिस्ट्रिब्युटरची कॅप, चांगले पॉइंट आणि कंडेन्सर, दिसतील तेव्हा घेऊन घरी ठेवा. मुंबईला कुर्ला, दिल्लीला काश्मिरी गेट ही शोधायची ठिकाणं. अँबेसिडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार. रबराचे भाग मात्र साठवू नका, ते कपाटातही म्हातारे होतात.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीचे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची रबरं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेली आहेत. इथेनॉल ती फुगवतं, मऊ करतं, आणि ओल शोषून टाकीचा गंज वाढवतं. त्यामुळे पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या, टाकी काढून आतून साफ करून घ्या, आणि पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. डायफ्राम फाटला तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची दांडी काढाल तेव्हा वास घ्यायची सवय लावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. नव्या मिस्त्रीला ‘आताच्या पेट्रोलचं या गाडीत काय करायचं’ असं विचारून पाहा. त्याने याचा कधी विचार केला आहे की नाही, ते उत्तरात लगेच दिसतं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. नोंदणी, पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा यांच्या तारखा पाहा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं, आणि सहा वर्षं उभ्या गाडीत ती तारीख उलटून गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. २०२१च्या नियमांमधली ‘व्हिंटेज’ नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे तुमची गाडी २०३३पर्यंत त्यात बसत नाही. विमा संपलेला असेल तर मिस्त्रीला गाडी रस्त्यावर चालवून पाहायला देऊ नका, तो त्याच्यावर अन्याय होतो.

आता या आठवड्यात काय करायचं. एक वही घ्या. आजवर काय बदललं, कधी, कोणी, ते लिहा. काढलेला जुना कार्बोरेटर पहिल्या गॅरेजकडून परत मागून आणा. तो बहुधा चांगलाच असेल, आणि मूळ कंपनीचा कार्बोरेटर आता सहज मिळत नाही. मग एखाद्या मिस्त्रीकडून फक्त दोन गोष्टी करून घ्या: टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन टेस्ट. टॅपेट आधी, नाहीतर आकडे फसवतील. कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम असावं, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. मग प्रत्येकात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. ऑइल टाकल्यावर आकडा बराच वर गेला तर रिंग झिजल्या आहेत आणि दुसरा मिस्त्री खरं बोलत होता. वर गेला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे आहे, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर मी आधी हेड गॅस्केट पाहीन. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि चांगले आले, तर इंजिनाला हात लावायचा नाही, करंट आणि पेट्रोलकडे जायचं.

ते आठही आकडे मला कळवा, आणि सोबत गाडी एकदम बंद पडते की झटके देत, तेही. मग पुढचं काम कोणत्या प्रकारच्या माणसाचं आहे ते सांगता येईल.